तीन महिन्यांची अट

आमच्या ऑफिसात कोळ्याची मी एकटीच होते. त्यामुळे समुद्र, भरती, मासळी यांतलं काहीही निघालं की सगळे माझ्याकडे वळून बघत. मला पोहता येत नाही आणि पापलेट सोडून दुसरा कुठलाही मासा मी घाटावरच्या माणसासारखी काटे चाचपत खाते, हे मी त्यांना कधी सांगितलं नाही. नोकरीत थोडा दरारा असलेला बरा.

ऑफिस पनवेलला, एका झेरॉक्सवाल्याच्या वरच्या मजल्यावर होतं. आम्ही मच्छीमार सोसायट्यांसाठी सॉफ्टवेअर बनवायचो. कुठल्या होडीने किती मासळी आणली, कुठल्या होडीला किती बर्फ आणि किती डिझेल द्यायचं, ते सगळं त्यात. डेटा क्लाउडवर. क्लाउड म्हणजे दुसऱ्याच्या इमारतीतला, आपल्याला कधीही न दिसणारा कॉम्प्युटर. तो भाड्याने घ्यायचा आणि बंद पडला की त्यांची दिलगिरीची मेल वाचायची. त्यातला डेटाबेस नीट चालतोय ना, हे बघायला मी होते. सासर सुकापूरला, माहेर उरणच्या खाडीकाठी. माहेरी आई सांगायची, ‘‘आमची पोर कंपूटरवर हाय.’’ यापुढे तिला कोणी काही विचारत नसे, आणि तिलाही ते सोयीचं होतं.

माझे वडील गावच्या सोसायटीचे चेअरमन. उमेदीत त्यांनी स्वतः होडी चालवली. मग गुडघे गेले आणि होडी माझ्या धाकट्या भावाकडे आली. तेव्हापासून बाबांकडे ती खुर्ची तेवढी राहिली. सकाळी आंघोळ करून, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून ते जेटीवरच्या सोसायटीच्या खोलीत जाऊन बसत आणि जेवायला उशिरा घरी येत. काम असे अर्ध्या तासाचं. आई म्हणायची, खुर्ची काढून घेतली तर हा माणूस चार दिवसांत आजारी पडेल. ती हे चेष्टेने म्हणत नव्हती.

सोसायटीत आमचं सॉफ्टवेअर आलं ते बाबांमुळे. त्याआधी बर्फाच्या चिठ्ठ्या हाताने लिहायचे. मग कोण कोणाचा मेहुणा त्याप्रमाणे बर्फ मिळायचा आणि उरलेल्यांना पाणी. बाबांना त्याचा संताप होता. मी डेमो द्यायला गेले त्या सभेत निम्मं गाव विरोधात होतं. ऐन समुद्रावर जायच्या दिवशी यंत्र बंद पडलं तर काय, असं एका म्हाताऱ्याने विचारलं. प्रश्न अगदी रास्त होता. मी तोंड उघडणार, तेवढ्यात बाबा उभे राहिले.

‘‘यंत्रापायी एक होरी जरी चिखलान बसली,’’ ते म्हणाले, ‘‘तर त्याच दिवशी मी ही खुर्ची सोडीन.’’

टाळ्या पडल्या. मागच्यांना ऐकू गेलं नव्हतं म्हणून बाबांना ते पुन्हा म्हणायला लावलं, आणि त्यांनी म्हटलं. मला आधी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, की बाबा, सॉफ्टवेअरच्या जिवावर माणसाने कसलीही पैज लावू नये, मी ते रोज जवळून बघते. पण चेअरमन माणूस पोरीला विचारून शब्द देत नाही.

आमच्या खाडीत पाण्याचा हिशेब सोपा आहे. भरतीला होड्या तरंगतात. पाणी उतरायला लागलं की थोड्या वेळात जेटीपाशी नुसता चिखल, आणि तोवर सुटली नाही ती होडी पुढच्या भरतीपर्यंत तिथेच बसते. त्यामुळे बर्फ आणि डिझेल वेळेवर हवं. आमच्या व्यवस्थेत होडीचा नंबर टाकला की कॉम्प्युटर तिच्या मागच्या फेऱ्यांची मासळी बघायचा, त्यावरून बर्फ ठरवायचा आणि टोकन छापायचा. टोकनाशिवाय बर्फ नाही, हाताची चिठ्ठी कुठल्याही परिस्थितीत चालणार नाही, हा ठराव बाबांनी स्वतः मांडून पास करून घेतला होता. बर्फाच्या कारखान्यावरचा माणूस तो देवाच्या आज्ञेसारखा पाळत असे.

आता इंडेक्सबद्दल थोडं सांगावं लागेल. त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

जेटीवर एक इलेक्ट्रॉनिक काटा बसवला होता. तो दर काही सेकंदांनी आपल्यावर किती वजन आहे ते डेटाबेसला कळवायचा. टोपली असली तरी कळवायचा, नसली तरी कळवायचा. पावसाळ्यात बंदर बंद असताना त्याने इमानाने, अहोरात्र, शून्य किलो मासळी कळवली. अशी काही वर्षं गेल्यावर त्या एका गावाच्या टेबलात इतक्या ओळी झाल्या, की त्यात एका होडीची मासळी शोधायची तर सगळी शून्यं उपसत जावं लागलं असतं. तसं लागू नये म्हणून इंडेक्स. म्हणजे होडीच्या नंबरावरून तिच्या ओळी नेमक्या कुठे आहेत ते सांगणारी सूची, पुस्तकाच्या शेवटी असते तशी. ती असली की उत्तर चुटकीसरशी मिळतं.

फक्त, सूची फुकट मिळत नाही. नवी ओळ आली की प्रत्येक सूचीतही ती लिहावी लागते. आणि आमच्या ऑफिसात कोणाचाही रिपोर्ट जरा हळू चालला की तो एक इंडेक्स ठोकून मोकळा व्हायचा, उलव्यात रिकामी जागा दिसली की बिल्डिंग उभी राहते तसा. शेवटी अशी वेळ आली, की काट्यावर टोपली ठेवली तरी आकडा नोंदवला जाईना, कारण तो आधी डझनभर सूच्यांमध्ये लिहिला जात होता. जेटीवर बायका टोपल्या धरून ताटकळायच्या आणि माझ्या आईला नाव घेऊन बोलायच्या.

तेव्हा आमच्या सरांनी ठरवलं की यावर कायमचा उपाय करायचा. सर मूळचे घाटावरचे, हुशार, मीटिंगची भयंकर आवड. उपाय होता स्टोअर्ड प्रोसिजरचा. स्टोअर्ड प्रोसिजर म्हणजे डेटाबेसच्या पोटातच लिहून ठेवलेलं काम. वेळ झाली की ते कोणी न सांगता स्वतःचं स्वतः चालतं. आमची प्रोसिजर दर रविवारी चालणार होती. कुठल्या इंडेक्सचा कोणी शोधायला उपयोग केला आणि शेवटचा कधी, ते ती बघणार, आणि बरेच दिवस कोणी विचारलंच नसेल तर तो इंडेक्स काढून टाकणार. गरज सरो, वैद्य मरो.

काम आम्ही मन लावून केलं, हे मला सांगायला हवं. क्लाउडवाले अधूनमधून न कळवता मशीन बदलतात आणि तसं झालं की वापराची मोजणी शून्यावर येते. एखाद्या कच्च्या माणसाने त्या शून्यावर विश्वास ठेवून सगळेच इंडेक्स उडवले असते. आमची प्रोसिजर रोज शेवटच्या वापराची तारीख स्वतःपाशी जपून ठेवायची. दुहेरी इंडेक्स ओळखायची. काढलेला इंडेक्स पुन्हा कसा बांधायचा ते लिहून ठेवायची. राहिली होती ती एकच गोष्ट, बरेच दिवस म्हणजे किती दिवस.

‘‘मासेमारी बंद किती असते हो?’’ सरांनी विचारलं आणि सगळे माझ्याकडे वळले.

मी म्हटलं, सरकारी बंदी दोन महिने असते. पण आमच्या गावाची तऱ्हा वेगळी आहे. बाकीच्या बंदरांतल्या होड्या एक ऑगस्टला सुटतात. आमच्याकडे नारळी पुनवेला समुद्राला नारळ वाहिल्याशिवाय कोणी जात नाही. सोसायटी बर्फच देत नाही.

‘‘म्हणजे नक्की किती?’’ सर म्हणाले. ‘‘वडिलांनाच विचारा ना.’’

मी फोन लावून स्पीकरवर टाकला. बाबा सोसायटीत बसले होते, खुशीत होते. मी विचारलं, बाबा, होड्या किती दिवस बंद असतात? ते म्हणाले, ‘‘जून, जुलै बंद. मंग नारल टाकला का दुसऱ्या दिवशी सुटल्या.’’ सरांनी टेबलावर वाकून ओरडून विचारलं, ‘‘तीन महिने होतात का कधी?’’ बाबा म्हणाले, ‘‘नाय नाय. तीन म्हयने कशाला होतान?’’

सरांनी तीन महिन्यांची अट घातली. सगळ्या सोसायट्यांना तीच. काम झाल्याबद्दल खालच्या गाडीवरून वडापाव आले. पहिल्या रविवारी प्रोसिजरने फालतू इंडेक्स साफ केले, काटा पळायला लागला आणि आईला नावं ठेवणं बंद झालं. बाबांनी सभेत माझं नाव न घेता ‘‘पनवेलवाल्यांनी काम चांगलं केलं’’ असं सांगितलं. मी ते आईकडून ऐकलं आणि पुढचे दोन दिवस घरी कोणावर ओरडले नाही.

पुढच्या वर्षी अधिक महिना आला. धोंड्याचा महिना. तो आलाय हे ऑफिसात कोणाला माहीत नव्हतं असं नाही. सरांना सासरहून चांदीची वाटी आणि अनारसे आले होते, अनारसे त्यांनी डब्यात घालून ऑफिसात आणले, आम्ही सगळ्यांनी खाल्ले. माझ्या नवऱ्याला माहेरी बोलावून आईने साग्रसंगीत धोंडा दिला. जावई म्हणून त्याने त्या दिवशी जो काही रुबाब केला तो मला अजून आठवतो. अधिक महिना सगळ्यांना मिळाला. प्रोसिजरला काय ठाऊक? तिला आपले इंग्रजी दिवस मोजायला शिकवलेले.

त्या वर्षी मे संपायच्या आधीच वादळाचा बावटा लागला आणि होड्या लवकर वर ओढल्या. आणि पुनव, अधिक महिन्यामुळे, ऑगस्टच्या पार शेवटाला गेली.

पुनवेला मी माहेरी होते. दुसऱ्या दिवशी होड्या सुटायच्या म्हणून राहिले. आमच्याकडे होड्या सुटायचा दिवस लग्नासारखा. होड्यांना रंग, पताका, इंजिनाला हार. बायका जेटीवर आरतीची ताटं घेऊन उभ्या. पाणी दुपारी पूर्ण भरणार होतं. पहिलं टोकन चेअरमनच्या होडीचं, हा मान. म्हणून खिडकीशी माझा भाऊ उभा, नवी टोपी घालून. मी आत बाबांच्या शेजारच्या बाकावर बसले होते. लॅपटॉप घरी ठेवायची मला सवय नाही, माझ्या धंद्यात कोणालाच नसते.

टोकन काढायला बसणाऱ्या, शेजारच्या वहिनीने आमच्या होडीचा नंबर टाकला. पडद्यावर ते गोल चाक फिरायला लागलं. फिरत राहिलं. भाऊ टोपी सारखी करून बघत राहिला. वहिनीने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, थांब जरा, पहिलंच आहे. जरा झालं, मग आणखी जरा. मग तिने ते सोडून दुसऱ्या एका होडीचा नंबर टाकला. तिचं टोकन निघालं, पण तोवर तिचा मालक चहा पिऊन परत आला होता. बाहेर रांगेत चुळबुळ सुरू झाली. तेवढ्यात लाइट गेली. दुष्काळात तेरावा महिना, दुसरं काय. इन्व्हर्टरने वेळ निभावली, पण पंखे बंद झाले आणि खिडकीशी गर्दी झाली.

मी सरांना फोन केला. ते म्हणाले, ‘‘मॅडम, बाकी सगळ्या सोसायट्या मस्त चालल्यात. तुमच्याच इथे इंटरनेटचं काहीतरी असेल.’’

इंटरनेटचं काहीतरी असेल, हे आमच्या धंद्यातलं ‘हवा बदलली म्हणून’ आहे. मी लॅपटॉप उघडला. डेटाबेस आत काय करतोय ते बघितलं. तो आमच्या होडीची मासळी शोधायला पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत निघाला होता. काट्याने पाठवलेली वर्षानुवर्षांची शून्यं, एकेक करून तपासत. होडीच्या नंबराचा इंडेक्स जागेवर नव्हता. गेल्याच रविवारी प्रोसिजरने तो काढला होता. तीन महिने कोणी त्यातून काही शोधलं नव्हतं. इतर बंदरांतल्या होड्या एक ऑगस्टलाच गेल्या, म्हणून त्यांचे इंडेक्स वाचले. आमचं गाव नारळासाठी थांबलं होतं. प्रोसिजरने एक अक्षरही चुकीचं केलं नव्हतं, आणि तिच्यावर चिडायचीही सोय नव्हती.

बाबांनी माझा चेहरा बघितला आणि दार लोटून घेतलं. बाहेरचा आवाज कमी झाला नाही, पण दिसायचा बंद झाला.

‘‘काय झालं?’’

‘‘होरीचा नंबर दिला की तिची नोंद कुठं हाय ते सांगनारी एक सूची व्हती,’’ मी म्हटलं. घरी बोलताना माझी भाषा आपोआप घरची होते. ‘‘ती निघून गेली.’’

‘‘कोनी काढली?’’

‘‘नियम हाय तसा. तीन म्हयने वापरली नाय तर आपसूक निघते.’’

बाबांनी बोटांवर मोजायला घेतलं. ‘‘जेठ,’’ ते म्हणाले. ‘‘दुसरा जेठ. आखाड. सावन.’’ चौथ्या बोटावर ते थांबले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, ‘‘फोनवर तीन म्हयने होत नाय असं मीच बोललो ना?’’

मी लॅपटॉपकडे वळले.

‘‘मना वाटलं त्या सालचं इचारतंस,’’ ते म्हणाले.

तेव्हा मला कळलं. आम्ही त्यांना कायमचा नियम विचारत होतो, आणि ते साधं त्या वर्षाचं सांगत होते. कुठलाही शहाणा माणूस त्या वर्षाचंच सांगेल. आमच्याकडे पुनव कधी ते दरवर्षी कॅलेंडर बघून ठरतं, एकदाच विचारून जन्मभर ठेवून देत नाहीत. सरांना ते सुचलं नाही ते एक वेळ ठीक आहे. मला कोळ्याची म्हणून तिथे बसवलं होतं.

‘‘बाबा, ते हापिसात ठरलं,’’ मी म्हटलं. ‘‘तुमी मधी पडू नका. कोनाला काय सांगायची गरज नाय.’’

‘‘हं,’’ बाबा म्हणाले. ‘‘आता काय करायचा ते बोल.’’

दोन मार्ग होते. एक, जसं चाललंय तसं चालू द्यायचं. रखडत एकेक टोकन निघेल आणि पाणी उतरेपर्यंत निम्म्या होड्याही सुटणार नाहीत. दुसरा, सगळं बंद करून इंडेक्स पुन्हा बांधायचा. आमचं भाड्याचं मशीन लहान, अर्धा तास तरी जाणार, कदाचित जास्त. तेवढा वेळ एकही टोकन निघणार नाही. आणि अर्ध्यातच अडकलं तर दोन्हीकडून गेलो. मी हे असंच सांगितलं. बाबांनी खिडकीच्या फटीतून पाण्याकडे पाहिलं.

‘‘बांद,’’ ते म्हणाले.

सरांना कळवणं भाग होतं. ते म्हणाले, चालू वेळेत लाइव्ह डेटाबेसला हात लावायचा नाही हा आपला नियम आहे, आपण एक छोटी मीटिंग घेऊ. मी म्हटलं, ‘‘सर, तुमच्या मीटिंगा पाण्यात घाला,’’ आणि फोन ठेवला. हे वाक्य पुढे ऑफिसात बरेच दिवस माझ्या तोंडावर फेकलं गेलं. मला त्याचं आजही काही वाटत नाही.

काटा मधेमधे शून्यं लिहीत राहिला असता तर वेळ वाढला असता. मी तसं म्हटल्यावर बाबा गुडघे धरत उठले, बाहेर गेले आणि त्यांनी काट्याची वायर स्वतः उपटली. मग मी कमांड दिली. त्यानंतर माझ्याकडे करण्यासारखं काही नव्हतं. इंडेक्स बांधला जाताना पडद्यावर काहीच दिसत नाही. आपण नुसतं बसायचं, आणि बाहेर गावातली माणसं आपल्या घराण्याबद्दल काय बोलतात ते ऐकायचं. एकाने माझ्या शिक्षणावर खर्च झाला त्याची आठवण काढली. एका बाईने आरतीचं ताट खाली ठेवलं तो आवाज मला आतपर्यंत आला. भीती वाटत होती. नोकरीची वाटत नव्हती, नोकऱ्या पनवेलात पुष्कळ आहेत. बाबा उद्या सकाळी आंघोळ करून कुठे जातील, याची वाटत होती.

ते बाहेर रांग लावत होते. त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता, जरा चढा. कोणी ओरडलं तर तेही ओरडत होते.

इंडेक्स बांधून झाला तेव्हा पाणी भरून उतरणीला लागलं होतं. मी वहिनीला म्हटलं, टाक नंबर. माझा भाऊ पुन्हा खिडकीशी आला.

‘‘तू मागं,’’ बाबा म्हणाले.

‘‘पयला मान आपला हाय.’’

‘‘मान हाय म्हनून मागं.’’

भावाने माझ्याकडे बघितलं. तो गेला रांगेच्या शेवटी, रागाने टोपी काढून.

टोकनं आता नंबर टाकताक्षणी निघत होती. पण बर्फाच्या कारखान्यावर लाद्या फोडायच्या त्या त्यांच्याच वेगाने, तिथे माझं काही चालत नव्हतं. होड्या एकामागून एक सुटल्या. ताटं पुन्हा उचलली गेली, नारळ फुटले, फटाके लागले, आणि ज्यांनी मला शिव्या घातल्या होत्या त्यांनी जाताना हात केले. मी खिडकीतून मोजत नव्हते, फक्त जेटीपाशी किती पताका उरल्यात ते बघत होते. मग तीन उरल्या. मग दोन. त्यातली एक सुटताना तिचा तळ घासला, चार जणांनी कंबरभर पाण्यात उतरून तिला ढकललं. तिच्यामागे आमची राहिली. भावाने टोकन घेतलंच नाही. घेऊन उपयोग नव्हता. होडी हळूच एका कुशीवर कलली आणि चिखलात बसली, हार घालून.

रात्रीच्या भरतीला जाता आलं असतं, पण वर्षाची पहिली फेरी आमच्याकडे रात्री कोणी काढत नाही.

संध्याकाळी सोसायटीच्या खोलीत सगळे जमले. होड्यांवर न जाणारे म्हातारे, आणि बायका. आमच्याकडे सभेत बायका जास्त बोलतात. बाबांनी उभं राहून सांगितलं की होडी राहिली, शब्द दिला होता, मी खुर्ची सोडतो. कोणालाच ते ऐकायचं नव्हतं. ज्या म्हाताऱ्याने त्या पहिल्या सभेत विचारलं होतं तोच म्हणाला, ‘‘आरं, तुजीच होरी ती. तिची कसली गिनती?’’

‘‘होरी ती होरी,’’ बाबा म्हणाले.

मग एक बाई म्हणाली, चेअरमनचा काय दोष, दोष त्या पनवेलच्या कंपनीचा. ती काढून टाका. दोनचार जणी हो म्हणाल्या. मी मागे दाराशी उभी होते; काही जणांनी वळून बघितलं. हे मला चाललं असतं. खरं तर मला ते मनापासून हवं होतं. कंपनी जाऊ दे, माझं नाव जाऊ दे, त्यांची खुर्ची राहू दे. मी पुढे होऊन बोलणार होते.

‘‘कंपनीनं आपल्याला इचारलं व्हतं,’’ बाबा म्हणाले. ‘‘पोरीनं फोन लावून इचारलं, बंदर किती दिस बंद ऱ्हातं. मी बोललो तीन म्हयने होत नाय. धोंडा इसरलो तो मी. मी इतकी वर्सं समुद्रावर गेलोय, ती नाय गेली.’’

बाबांनी खिशातून सोसायटीच्या किल्ल्या काढून टेबलावर ठेवल्या. आणि मग, अजून आपण चेअरमन आहोत अशाच थाटात, कॉम्प्युटर चालू ठेवण्याचा ठराव मांडला. हात वर करायला लावले. मोजले. पास झाला असं सांगितलं. मग ते खुर्चीवरून उठून बाकावर येऊन बसले.

मला रडू आलं आणि भयंकर रागही आला. त्यांना कोणी सांगितलं होतं? मी सगळं नीट झाकून ठेवलं होतं. घरी जाताना रस्ताभर मी त्यांच्याशी भांडले. ते म्हणाले, ‘‘हलू बोल. लोक ऐकतान.’’

दुसऱ्या दिवशी सकाळी मी प्रोसिजर उघडली. सरांचं म्हणणं होतं की पुढच्या शंभर वर्षांचे अधिक महिने तिला आधीच शिकवून ठेवावेत, त्याला एक सूत्र असतं म्हणे. मी तसं काही केलं नाही. होड्यांच्या इंडेक्सची नावं घालून, यांना कधीच हात लावायचा नाही, एवढं लिहिलं. शून्य वजनाची नोंद घेऊच नये असंही काट्याला सांगितलं, जे पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं.

बाबा त्या दिवशीही आंघोळ करून निघाले. शर्ट पांढरा नव्हता, घरातलाच होता, चौकड्यांचा. दुपारच्या भरतीला आमची एकटीच होडी जायची होती. जेटीवर कोणी नव्हतं. भाऊ इंजिनाशी होता म्हणून टोकन घ्यायला बाबा गेले. आयुष्यात पहिल्यांदा ते त्या खिडकीच्या बाहेरच्या बाजूला उभे होते. मी आत बाकावर होते. वहिनी ओशाळली. मग सगळ्यांना विचारते तेच तिने त्यांना विचारलं.

‘‘होरीचा नंबर?’’

बाबांनी सांगितला. तिने शेवटचा आकडा दाबला आणि टोकन बाहेर आलं. चाक फिरलंसुद्धा नाही.

त्यांनी टोकन हातात घेऊन थोडा वेळ बघितलं. पाणी अजून भरत होतं, घाई कसलीच नव्हती.

‘‘आज यंत्र थांबलं आसतं,’’ ते मला म्हणाले, ‘‘तरी चाललं आसतं.’’